मीराचं थालीपीठ आणि आजची फायनल

मंडळी, ओरडून ओरडून घसा पार बसलाय, म्हणून व्हॉइस नोट न पाठवता टाइप करतोय. आज आपण फायनल जिंकलो!

"आपण" म्हणजे लेस्टरमधली मुलींची अमेरिकन फुटबॉल टीम. माझी बायको मीरा कित्येक वर्षं तिची क्वार्टरबॅक होती, म्हणजे चाल ठरवणारी आणि बॉल फेकणारी. गेल्या सीझनला गुडघ्याने दगा दिला आणि तिचं खेळणं थांबलं. आज ती मैदानाबाहेर माझ्या शेजारी बसली होती.

मीराच्या चालींची नावं आमच्या स्वयंपाकघरातली. पिठलं म्हणजे जवळचा पास. थालीपीठ म्हणजे सगळ्यांनी सुसाट पुढे पळायचं आणि मग लांब थ्रो. समोरच्या टीमला कधी पत्ताच लागायचा नाही. मला वाटलेलं, तिचं खेळणं थांबलं की ही नावंही गेली.

शेवटचं मिनिट, आपण मागे. नवी क्वार्टरबॅक ग्रेस, इथलीच इंग्लिश मुलगी, जीव खाऊन ओरडली, "थालीपीठ!"

सगळ्या पळाल्या. बॉल उंच गेला, पलीकडे अलगद झेलला गेला आणि टचडाऊन, सहा पॉइंट, मॅच आपली! मी खुर्चीसकट आडवा.

गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळीही न रडलेली मीरा हमसून हमसून रडत होती. ग्रेस धावत येऊन तिला बिलगली आणि म्हणाली, "मीरा, आता तरी सांग, थालीपीठ म्हणजे नक्की काय?"

आत्ता अख्खी टीम आमच्या किचनमध्ये आहे. तवा तापलाय आणि जिंकलेल्या कपात दही आहे.

तुमचा कुठला मराठी शब्द इथे इंग्लंडमध्ये तुमच्यामागे राहील?