विसातली एक खेप

परदेशी गाड्या नुकत्याच दिल्लीच्या रस्त्यांवर दिसू लागल्या होत्या. नोएडात त्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने उभे राहत होते. मी दिल्लीतच मुनिरकात खोली घेऊन राहत होतो आणि जवळच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत गिअरबॉक्सचं वजन कमी करण्यावर संशोधन करत होतो.

माझी पद्धत म्हणजे कॉम्प्युटरवरचा एक प्रोग्रॅम होता, तापलेला धातू सावकाश थंड करतात त्या धर्तीवर बेतलेला. प्रोग्रॅम सुरुवातीला वाईट रचनाही चालवून घेतो, म्हणजे एका जागी अडकून पडत नाही. मग हळूहळू चोखंदळ होत जातो. मी त्यात एक सुधारणा केली. तो अडकला, की त्याला पुन्हा थोडं तापवायचं, म्हणजे काही काळ परत वाईट रचना चालवून घेऊ द्यायच्या. दर खेपेला उत्तर वेगळं येतं, म्हणून तो वीस वेळा चालवला. एकोणीस खेपांना जुन्या पद्धतीइतकंच किंवा त्याहून जास्त वजन आलं. एकदाच फार हलका गिअरबॉक्स हाती लागला. शोधनिबंधात मी तेवढाच आकडा दिला आणि वर लिहिलं, ‘ही पद्धत सातत्याने सरस ठरते.’

त्या निबंधावर मला नोएडात नोकरी मिळाली.

माझ्यानंतर प्रयोगशाळेत नागपूरची एक मुलगी आली. तिला स्वतःची पद्धत माझ्या पद्धतीशी ताडून बघायची होती. त्यासाठी आधी माझी पद्धत चालवून माझ्याइतकाच निकाल तिला मिळायला हवा होता. तो मिळेना. सात-आठ महिने झगडून शेवटी ती दोन बस बदलून माझ्या ऑफिसात आली. हातात कागदांची चळत होती.

“तुमच्याइतकं वजन एकदाही खाली येत नाहीये. माझं काय चुकतंय?” तिने विचारलं. “सर म्हणतात, मूळ निबंध नीट वाच.”

मी तिचे कागद चाळले. तिचं काहीच चुकलेलं नव्हतं. शेजारच्या टेबलावर माझे साहेब बसले होते.

“तू फार लवकर थंड करतेयस,” मी म्हणालो. “वेग कमी करून बघ.”

तिने ते वहीत लिहून घेतलं आणि आभार मानले. मी तिला चहासुद्धा विचारला नाही. ती लवकर जावी एवढंच वाटत होतं.

नंतर कळलं, तिने विषयच सोडला. संशोधनही सोडलं. गाझियाबादच्या एका कॉलेजात ती शिकवू लागली होती.

मुनिरकातली खोली सोडताना वीसही खेपांचे कागद सापडले. ते घेऊन मी तिच्या कॉलेजात गेलो. स्टाफरूममध्ये तिने एकेक पान उलटलं, मग थांबली.

“मी ऑफिसात आले होते, तेव्हा हे तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मला वाटलं, मलाच जमत नाही,” ती म्हणाली. “घरीही तेच सांगितलं मी.”

मला माफी मागायची होती. तिने खडू उचलले, “माझा तास आहे,” म्हणाली आणि निघून गेली. कागद टेबलावरच राहिले.

पुढे मी तो निबंध छापलेल्या मासिकाला पत्र लिहिलं. चार ओळींची दुरुस्ती छापून आली. त्या दुरुस्तीची प्रत मी तिला पाठवली, उत्तर आलं नाही. ऑफिसात कुणी ती वाचली नसावी. त्याच वर्षी मला बढती मिळाली. मी ती घेतली.