क्लॅरनेटच्या बाजूनं भांडनारी मावशी

शेवगावच्या जत्रंत बँड ऐकून आमी दुपारच्या टेम्पोनं गावाकडं निघालो हुतो. सगळी बँडचंच बोलत हुती, पन माझा जीव थाऱ्यावर नव्हता. एवढा ढोल बडवला, कानाजवळ कर्णा वाजला, तरी माझी चार म्हैन्यांची पोर एकदाबी दचकली न्हाई, हिला ऐकूच येत न्हाई का काय, अन् नवऱ्याला कसं सांगू!

समोर एक अनोळखी मावशी बसलेली. पिशवीच्या दांडीवर बोटं अशी हलवायची, जनू तीच क्लॅरनेट वाजवतीय.

"ढोलानंच मजा आनली," शेजारचा बाप्या म्हनला.

"कान हायती का भोपळं? क्लॅरनेटवाल्यानं रडवलं की मला!" मावशी भांडलीच. मग माझ्याकडं वळली. "तुझं गं का तोंड उतरलंय?"

मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं. ती हसली न्हाई. पोर माझ्या अंगावर पीत हुती, तिच्या पाठीमागं वाकून मावशीनं ती क्लॅरनेटची चाल हळूच गुनगुनली. पोरीनं प्यायचं सोडलं, मान वळवली, अन् तिच्याकडं टकामका बघाय लागली.

"बघा, हिलाबी ढोल आवडला न्हाई," मावशी बाप्याला म्हनली. सगळा टेम्पो हसला.

"अजून एकदा म्हना की," मी म्हनलं.

"आता तूच म्हन. आईचं ऐकंल ती."

मी भीत भीत म्हनाय लागले. मधीच चुकले, तवा ढोलाची बाजू घेनारा तो बाप्याच म्हनला, "तसं न्हाई पोरी, तिथं आवाज वर न्यायचा."