ताजनेसाहेब आणि दोन तपकिरी कस्तूर

ताजनेसाहेब दुर्बीण डोळ्याला लावायच्या आधीच पक्ष्याचं नाव सांगून मोकळे व्हायचे. दुर्बीण वर जायची ती नंतर, दिलेलं नाव पक्ष्याला कसं शोभतं ते पाहायला. मग "पास!" म्हणून ते पुढच्या झाडाकडे वळायचे आणि मागचे आम्ही, त्यांच्या पक्षी पाहणाऱ्या ग्रुपमधले आठ-दहा जण, वहीत उतरवून घ्यायचो. पक्षी चुकीच्या नावाने उडून जायचा.

पोलादाच्या प्लांटमध्ये रेल्वेचे रूळ बनत, ते तपासायच्या खात्यातून ते मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झाले होते. नेहरू नगरात दुमजली घर, हातभर लांब लेन्सचा कॅमेरा आणि अकरा खिशांचं जॅकेट. त्या खिशांतून कंगवा आणि शेंगदाणे यांखेरीज काही निघालेलं मी पाहिलं नाही. "आपली नजर म्हणजे गेज हाय, बाई," ते म्हणायचे. "तीस साल रूळ पाहिले. पक्षी काय चीज हाय?"

मी दुर्गच्या रेल्वे पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेली, मोहन नगरात राहणारी. चिमणी, कावळा, पोपट यांच्यापुढे माझी मजल नव्हती. निवृत्तीनंतरच्या पहिल्या थंडीत स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं, की आंब्याखाली कुणीतरी वाळकी पानं उलटून टाकतंय. तपकिरी पक्षी, साळुंकीएवढा. दोन उड्या, थांबणं, मान तिरकी, मग चोचीने पान भिरकावणं. चार दिवस मी कूकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरले. पाचव्या दिवशी साहेबांना आणि ग्रुपमधल्या मंडळींना घरी बोलावलं.

साहेब दारातूनच म्हणाले, "सातभाई. पास."

"पण साहेब, हा एकटाच येते. सातभाई तर घोळक्यानं राह्यते ना?"

"बाकीचे सहा ड्यूटीवर असतील," साहेब म्हणाले आणि सगळे हसले. मी केलेले पोहे खात खात हसले.

त्या दिवशी मी ठरवलं, की आता हा पक्षी ओळखल्याशिवाय राहायचं नाही. पक्षिप्रेम वगैरे नंतरचं. सुरुवात रागातूनच झाली. पुस्तक आणलं. त्यात कस्तूर कुळाच्या पानावर तो सापडला, पण तिथेच अडचण होती. राखी कस्तुराची मादी तपकिरी आणि काळ्या कस्तुराची मादीही तपकिरी. माझा पक्षी एक दिवस पुस्तकातल्या एकीसारखा दिसायचा, दुसऱ्या दिवशी दुसरीसारखा. सकाळी अंग चोरलेला, पोट फिकट, गळा पांढरा आणि त्याच्या दोन्ही कडांना काळसर रेघा. दुपारी तोच थोराड, शेपूट लांब, पोटही गडद. मला वाटलं, माझेच डोळे गेले. बारा दिवस मी खिडकीशी स्टूल टाकून बसले. तेराव्या दिवशी दोघी एकाच वेळी आंब्याखाली आल्या. थोराड मादीने फिकट पोटाचीला हुसकून लावलं. मी स्टुलावरून उठून एकटीच टाळ्या वाजवल्या आणि अर्थातच दोघी उडाल्या.

फोनवर काढलेले फोटो आणि हे सगळं वर्णन मी ग्रुपवर टाकलं. साहेबांनी एक अंगठा पाठवला. पंधरा दिवसांनी कळलं, की ते टाउनशिपच्या पक्ष्यांची पुस्तिका काढताहेत आणि तिच्यात माझे दोन फोटो त्यांच्या नावाने जाणार आहेत. ग्रुपवर आलेल्या नमुन्याच्या पानावर फोटोंखाली लिहिलं होतं, 'राखी कस्तूर: नर आणि मादी.'

मी नेहरू नगरात त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीने, सुमनताईंनी, चहा ठेवला. साहेब सोफ्यावर जॅकेट घालूनच बसले होते.

"साहेब, फोटोवर तुमचं नाव टाका, माझं काही म्हणणं नाही. पण त्या दोघी माद्या आहेत. जातही वेगळी. पोट पाहा एकदा."

"छापाले गेलं बाई. आता काय मशीन थांबवू?"

"फोन करा ना."

साहेबांनी फोनकडे पाहिलं, पण उचलला नाही. हळू आवाजात म्हणाले, "इन्स्पेक्शनमध्ये 'मले नाही मालूम' म्हटलं का लाइन बंद पडे. वरून फोन येत. तीस साल मी ते वाक्य बोललोच नाही. आता तोंडातच येत नाही."

कबुली खरी होती, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी म्हटलं, "पक्ष्यांनी तुमची कोणती लाइन थांबवली, साहेब?" चहा तसाच ठेवून मी उठले.

टाउनशिपच्या सेक्टर दहामधल्या हॉलमध्ये पुस्तिकेचं प्रकाशन झालं. हार झाले, भाषणं झाली. कुणाला काही विचारायचं आहे का, असं विचारल्यावर मी उभी राहिले आणि सांगितलं, की पान चौदावर नवरा-बायको म्हणून छापलेल्या दोघी बाया आहेत आणि त्यांचं एकमेकींशी पटतही नाही. हॉलमध्ये खसखस पिकली. साहेब माइकपाशी आले.

"मेश्रामबाई पार्सलवाल्या. दोन खोके दिसले का दोन लेबल चिपकवाची आदत हाय त्यांले."

आता हॉल मोठ्याने हसला. संध्याकाळी मला ग्रुपमधून काढून टाकलं होतं. कुणी काढलं, का काढलं, एकानेही फोन करून सांगितलं नाही. वर्षभर ज्यांच्याबरोबर मैलोन्‌मैल फिरले, ती माणसं बाजारात दिसली की भाजी निवडण्यात गुंग व्हायची. त्यांच्यापेक्षा साहेब बरे. ते निदान तोंडावर बोलले.

पुढच्या थंडीत एका सकाळी फाटक वाजलं. ताजनेसाहेब, एकटे, स्वेटर घातलेले. कॅमेरा नव्हता, जॅकेट नव्हतं.

"येते का अजून ते तुमच्याकडं?"

"येते."

मी त्यांना खिडकीपाशी माझं स्टूल दिलं. ते बसले. दारातूनच नाव ठोकून दिलं नाही, हे विशेष. दोन वेळा चहा झाला. तासाभराने आंब्याखाली पानं हलली. साहेब पुढे झुकले, हात खिडकीच्या गजांवर. मीही पाहत होते: फिकट पोट, गळ्याच्या कडांच्या रेघा स्पष्ट. शाळेतल्या मुलालाही सांगता आलं असतं. साहेब पाहत राहिले, पाहत राहिले. मग माझ्याकडे न वळताच म्हणाले,

"नाही बाई. मले नाही समजून राहिलं. सांगा तुमी."

मला सांगता आलं असतं. पोट दाखवता आलं असतं, दुसरी येईपर्यंत थांबवता आलं असतं. पण वर्षभर जपलेला राग जिभेवर तयार होता.

"काहून साहेब? पुस्तक तर तुमीच लिहिलं ना?"

साहेब उठले. स्टूल होतं तिथे भिंतीला लावून ठेवलं. "चालतो," म्हणाले आणि फाटकाची कडी लावून गेले. मी खिडकीतून पाहिलं. मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं दोन-तीन दिवस टिकलं.

उन्हाळ्यात ते हृदयविकाराने गेले. शोकसभेला सगळे होते. 'पक्षिमित्र', 'मार्गदर्शक' असे शब्द सर्रास वापरले गेले. पुस्तिका त्यांच्या फोटोपुढे ठेवली होती. ते थोर पक्षितज्ज्ञ होते हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. खोटं बोलून हसवणारा आणि दुसऱ्याचे फोटो खिशात घालणारा माणूस होता तो.

तेराव्यानंतर मी सुमनताईंना भेटायला गेले. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडून आले, त्या दिवशी खूप खुश होते. म्हणे, मेश्रामबाईनं शिकवाले घेतलं मले. मंग रोज सकाळी आमच्या मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसत. पण आमच्याकडं फरशी घातली हाय सारी, पानं पडत नाहीत, काही येतच नाही. मी म्हणे, जा ना त्यांच्याकडं. तर म्हणत, बाई बोलवतील मंग जाईन."

"किती दिवस बसले असे?" मी विचारलं.

"थंडी जाईपर्यंत," त्या म्हणाल्या.