जुन्या पोचेला दिलेले उत्तर
वाशिमच्या महाविद्यालयातील एका तात्पुरत्या सहशिक्षिकेची नोकरी माझ्यामुळे गेली, हे मी वर्षानुवर्षे लपवले. परवा तापलेल्या राउटरचा जळका वास आला आणि ते पुन्हा छातीत रुतले. फाईलचा एक तुकडा पाठवायचा आणि त्याची पोच आली की पुढचा, असा प्रोग्राम मी लिहिला होता. मेडशीच्या केंद्राला जोडणाऱ्या संथ टेलिफोन लाइनीवर पोच उशिरा येई, तोवर प्रोग्राम तोच तुकडा पुन्हा पाठवी. मग पोचही दोनदा येई आणि दर पोचेला उत्तर म्हणून पुढचा प्रत्येक तुकडा दोनदा जाई. "सर, जुनी पोच पुन्हा आली तं सोडून द्या लागते," कारंज्याच्या कापूस व्यापाऱ्याची मुलगी असलेली ती सहशिक्षिका म्हणाली, "तुमी तिलेबी उत्तर देऊन राह्यले, काहून?" "बाई, तुम्ही दुकानात बसून कापसाचे भाव सांगा," असे मी सर्वांदेखत हसून म्हणालो. त्या हसण्याची मला आज किळस येते. प्राचार्यांसमोरच्या चाचणीत लाइन तुंबली आणि यंत्र तापून तसाच जळका वास सुटला, तेव्हा "यांनी प्रोग्रामला हात लावला होता," असे मी धडधडीत खोटे सांगितले, आणि तिची नेमणूक पुढे वाढली नाही. काल अनसिंगला, ती आता राहते तिथे, तिच्या दारात उभा राहून मी म्हणालो, "बाई, तुमचे बरोबर होते. चूक माझी होती आणि खोटेही मीच बोललो. मला क्षमा करा."