मानेतली दारू

माझ्या आत्याच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची होती: पिणारी आणि अजून न सापडलेली. भवानीनगरात तिच्या दारात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला, मग तो जावई असो की लाइटबिल वाटणारा, आधी तिच्या तोंडासमोर "हा" करावं लागे. नापास झालेल्याला चहाऐवजी उपदेश मिळे. कपड्यांना मळीचा वास लागलेला साखर कारखान्याचा एक फिटर बिचारा काही न पिताच तासभर उपदेश ऐकून गेला. खोकल्याच्या औषधात दारू असते असं कुणीतरी सांगितल्यापासून घरात खोकल्याला फक्त आल्याचा रस. विहारात वंदनेला ती पुढं बसे आणि मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं पाचवं शील आलं की तिचा आवाज चढे नि मान मागं पुरुषांकडं वळे. काही जण चारच शीलं म्हणत आणि हळूच चपला शोधायला उठत. तिचा नवरा दारूनंच नेला होता, म्हणून हसणारेही तिच्या पाठीमागंच हसत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिच्याकडं राहून मी जवळच्या शाळेत पहिलीला शिकवत होते, नोकरी अजून नवी होती. माझ्या मानेवर लिंबाएवढी गाठ आली. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, थायरॉईडची आहे, साधी आहे, पण ऑपरेशन करून काढावी लागेल. त्यात आवाजाच्या नसेला क्वचित इजा होते. 'क्वचित' हा शब्द मला ऐकूच आला नाही. आवाज गेल्यावर पहिलीचा वर्ग कसा सांभाळायचा? मी रडतच घरी आले. आत्या म्हणाली, "कापायचं न्हाय. दुसरा डाक्टर बगू."

पुण्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं की गाठीत पाणीच जास्त आहे. सुईनं ते काढायचं आणि आत अल्कोहोल सोडायचं. गाठ हळूहळू सुकते, कापावं लागत नाही.

"अल्कोहोल म्हंजी?" आत्यानं विचारलं.

डॉक्टर प्रामाणिक माणूस. "दारूत जे असतं ना मावशी, तेच. फक्त शुद्ध."

आत्या ताडकन उठली. मला वाटलं, चालली आता. पण ती माझ्या गळ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "हिला चटक तर न्हाय ना लागायची?"

डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. "नाही लागायची," ते म्हणाले.

"मग सोडा. शील मोडलं तर माजं मोडंल. हिचा आवाज ऱ्हाऊ द्या."

सुई आत गेली आणि जबड्यापासून कानापर्यंत असं जळलं की मी आत्याचा हात पिळून काढला. पण खरा इलाज एसटी स्टँडवर सुरू झाला. प्यालेल्याची उतरवायचे सगळे उपाय तिला पाठ होते. तिनं घरून आणलेलं ताक पाजलं, लिंबू चोखायला लावलं आणि फरशीच्या रेघेवरून सरळ चालवून बघितलं. कंडक्टर टक लावून बघतोय म्हटल्यावर आपण होऊन खुलासाही केला, "पोटात थेंब न्हाय बरं का. मानंत हाय." त्यानं आम्हाला पुढची सीट दिली, आदरानं की धास्तीनं कोण जाणे.

सुईच्या दुसऱ्या खेपेला मात्र माझा आवाज बसला. असं होऊ शकतं, येईल परत, असं डॉक्टर म्हणाले होते. आत्याला ते पटेना. उभ्या गल्लीला दटावणारी ती बाई बोलायचीच थांबली. दारात येणाऱ्यांना कुणी "हा" करायला सांगेना. "म्याच सोडा म्हनलं," एवढंच एकदा पुटपुटली. काही दिवसांनी सकाळी मी सहज विचारलं, "आत्या, चहा टाकू का?" आवाज स्वच्छ उमटला होता. तिनं पदर तोंडाला लावला आणि हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "टाक. साखर बेतानं."

गाठ पुढं सुकून गेली. त्या आवाजावर मी आयुष्यभर शिकवलं, ओरडले, वर्गात गाणी म्हटली. हे सगळं तिचं देणं आहे.

आत्या गेली त्या सकाळी मी तिला हाकांवर हाका मारल्या. आवाज खणखणीत होता, चार घरं पलीकडची माणसं धावून आली. जिनं तो राखून दिला, तिला तेवढा ऐकू गेला नाही.