गूळ लावलेली कोंबडी

आमच्या घरी कोंबडी मागच्या अंगणातच शिजते. आई माळकरी होती. स्वतः तोंडात घालायची नाही, पण बाबांसाठी दर रविवारी चुलीवर रांधायची, नुसत्या वासावरून अंदाज घेऊन. त्यासाठी बाहेरची भांडी वेगळी, जिन्याखाली पोत्यात. आई गेल्यापासून आठ महिने त्या पोत्याला कुणी हात लावला नव्हता.

आठ महिने बाबाही जेवत नव्हते म्हटलं तरी चालेल. अर्धी भाकरी, दोन घास वरण, की ताट बाजूला. पायजम्याची नाडी दर महिन्याला जास्त लांब लोंबायची. डॉक्टर म्हणाले, आवडेल ते द्या, पण खाऊ घाला. मला भीती वाटत होती, म्हणून मी मोबाईलवर रेसिपी शोधली. भीती वाटली की मी असंच काहीतरी करतो.

जाळीवर भाजलेली कोंबडी, वर गूळ, लसूण आणि सोया सॉसचा चकचकीत लेप. लेप शेवटच्या पाच मिनिटांत लावा, असं व्हिडिओतली बाई तीनदा सांगत होती. पण आमच्याकडे सकाळपासून मुरला नाही तर त्याला कुणी मसाला म्हणत नाही. मी सातलाच गूळ चोळून ठेवला. सोया सॉस खारट असतो म्हणून मीठ घातलं नाही.

संध्याकाळी पोतं उघडलं. पातेलं, जाळी आणि तंबाखूची एक जुनी डबी. बाबांनी तंबाखू सोडून जमाना झाला. डबी ओट्यावर ठेवली आणि जाळीखाली पऱ्हाट्या पेटवल्या. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ केवढा उठतो, हे बुऱ्हाणपुरात जन्मलेल्या माणसाला माहीत असायला हवं. दोन मिनिटांत गूळ काळाठिक्कर.

"काय करून ऱ्हायला रे?" बाबा खुर्चीतून म्हणाले.

"लेप आहे तो, बाबा."

"डांबर दिसून ऱ्हायलं."

बायकोनं आतून खिडकी लावून घेतली. मी जाळ विझू दिला, निखाऱ्यांवर कोंबडी नीट शिजवली, करपलेलं खरवडलं आणि एक तुकडा बाबांना दिला. ते बराच वेळ चावत राहिले. मी उभाच.

"अळणी आहे."

झालं, म्हटलं. आता ताट सरकणार.

"ती डबी दे इकडं."

डबीत मीठ होतं, पार दगड झालेलं. बाबांनी ती खुर्चीच्या दांड्यावर आपटली आणि चिमूटभर मीठ तुकड्यावर भुरभुरलं.

"तुझ्या आईचंबी अळणीच ऱ्हायचं. चाळीस वर्षं."

"मग तिला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर माळ उतरवून चाखलं असतं तिनं."

मला त्या वेळी आई फार हवीशी वाटली. बाबांनी हाड चोखून साफ केलं आणि ताट पुढे केलं.

"दुसरा दे. कमी जळलेला पाहून दे."