अपूर्णांक पोळ्याच्या आत

मॅडम गेल्याचं भावानं फोनवर सांगितलं तेव्हा मी कारखान्यात ब्लाउजच्या कापडावर खडूनं खुणा करत होते. सुरतेतल्या आमच्या त्या हॉलमध्ये मशिनींचा एवढा आवाज असतो, की घरचा फोन आला तर जिन्यात जाऊन बोलावं लागतं. "इंगोले मॅडम गेल्या, ताई. पावसाळ्यापासून दवाखान्यातच होत्या," तो म्हणाला. मी "बरं" म्हणाले. परत आत गेले, उरलेल्या खुणा केल्या. पाव इंच, पाऊण इंच. एकही चुकली नाही, आणि त्याचंच मग रडू आलं.

हे लिहायची मला भीती वाटते. सातवीत शाळा सोडलेल्या बाईनं शिक्षणातल्या संशोधनावर पेपरात लिहायचं, म्हणजे लोक हसणार. मोबाईलवर तीनदा लिहून तीनदा पुसलं. पण भावानं नंतर आणखी एक गोष्ट सांगितली. दहाव्याला जमलेल्यांत मॅडमच्या बरोबरीचे एक शिक्षक म्हणाले, "बाई हुशार होती, पण संशोधन संशोधन करत जिंदगी घालवली. त्यातून निघालं काय?" ते शिक्षक हा मजकूर वाचतील की नाही, ठाऊक नाही. पण काय निघालं, ते मला ठाऊक आहे. म्हणून चौथ्यांदा लिहिते, आणि आता पुसणार नाही.

आमचा तांडा शिरड शहापूरच्या अलीकडचा. आजूबाजूला सगळी हळद. संक्रांत सरली की काढणी सुरू होते, ती उन्हं तापेपर्यंत चालते. मोठी माणसं खणायची आणि आम्ही लेकरं माती झटकून हळकुंडं मोडून वेगळी करायचो. त्या दिवसांत तांड्यातलं एकही लेकरू शाळेत दिसायचं नाही. नंतर पिवळे हात घेऊन वर्गात गेलं, की फळ्यावर काय चाललंय ते कळायचं नाही. "तांड्याची पोरं गणितात कच्चीच," असं गुरुजी म्हणायचे, रागानं नाही, पाऊस पडतोय म्हणावं तसं. मीही ते मान्य केलं होतं. सातवीत शेकडेवारी सुरू झाली आणि दिवाळीनंतर मी दप्तर खुंटीला लावलं. घरात कुणी सोड म्हटलं नव्हतं. मीच सोडली.

मॅडम त्याच वर्षी कळमनुरीकडून बदलून आल्या होत्या. ऐन काढणीत स्कूटी बांधावर लावून त्या थेट सरीत आल्या. हातात शाळा सोडलेल्या लेकरांचा छापील तक्ता होता. "काहून सोडली गं शाळा?"

"गणित येत न्हाई. मी ढ हाव."

त्यांनी तक्त्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. माझी आई, आमच्या बोलीत याडी, खणता खणता थांबली. "कागदावर काय लिवलंय मॅडम हिच्या नावापुढं?" मॅडम खोटं बोलू शकल्या असत्या. पण त्यांनी वाचून दाखवलं : पालकांची उदासीनता. कारणाच्या रकान्यात सगळेच तेवढं लिहायचे, त्यांनीही गाडीवरून उतरायच्या आधीच लिहून ठेवलं होतं.

"म्हंजे काय?"

"म्हणजे... लेकराच्या शिक्षणाकडं लक्ष न देणं."

याडी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "रोज इचारते म्या, आज काय शिकलीस. ही म्हणती, काय न्हाई. मंग काय करू? वर्गात येऊन हिच्या मांडीला मांडी लावून बसू? तुमी बसू देसाल?"

शेजारच्या सरीतल्या बाया हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तो तक्ता फाडला, तुकडे पर्समध्ये टाकले आणि बांधावर मांडी घालून बसल्या. काडीनं मातीत मला गणितं घातली. बेरीज आली, गुणाकार आला, तीन अंकी भागाकारही आला. मग एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. मी वरच्यांची बेरीज केली, खालच्यांची केली, लिहिलं दोन पंचमांश. "हे कोणी शिकवलं?" "कोणी न्हाई." त्यांनी लगेच आणखी दोन पोरांना हाक मारली. त्यांचंही उत्तर दोन पंचमांश! मॅडमनी तिन्ही उत्तरांखाली काडीनं रेघ ओढली. मग म्हणाल्या, "तिघं एकसारखंच चुकून राहिले. ही चूक तुमची न्हाई रे लेकरांनो. कुठली आहे, ते बघावं लागेल."

पुढचे कित्येक दिवस त्या शाळेतल्या कपाटातले जुने हजेरीपट काढून बसत. वार्षिक नियोजनाचा तक्ता तर भिंतीवरच होता. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून आजवर कुणी पाहिलं नव्हतं, एवढंच. एका दुपारी त्या तांड्यावर आल्या, पाणीसुद्धा न घेता म्हणाल्या, "सविता, तू ढ न्हाईस. अपूर्णांक शिकवले तेव्हा तू वर्गातच नव्हतीस. चौथीला न्हाई, पाचवीला न्हाई, सहावीलाबी न्हाई." दर वर्षी अपूर्णांक फेब्रुवारीत यायचे आणि दर वर्षी आम्ही हळदीत असायचो. ज्याला अपूर्णांक नाहीत त्याला शेकडेवारी कुठून येणार?

मी पुन्हा शाळेत गेले नाही. मॅडमनी विनवलं, याडी तयार होती, पण वर्ष बुडाल्यावर लहान पोरांत जाऊन बसायची माझीच छाती झाली नाही. ते माझ्या मनाला अजून लागून आहे. मॅडम रागावल्या नाहीत. रविवारी यायच्या, माझी ओढणी दुमडून अर्धं, पाव, तिसरा हिस्सा दाखवायच्या. आज त्याच्यावरच माझं पोट चालतं. पण त्याहून मोठं त्यांनी दिलं ते वेगळंच. एवढी वर्षं डोक्यावर घेतलेला एक शब्द त्यांनी पुराव्यासकट उतरवून ठेवला.

हे सगळं लिहून त्यांनी आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या बैठकीत मांडलं. एक साहेब म्हणाले, "मॅडम, एवढी तकलीफ कशाला? कृतिसंशोधनाची तयार फाईल झेरॉक्सच्या दुकानात मिळते, नाव बदलायचं." दुसरे म्हणाले, एका तांड्याच्या लेकरांवरून काही सिद्ध होत नाही. मॅडम म्हणाल्या, "साहेब, एकच लेकरू असलं तरी त्याला कारण असतंच ना?" फाईल परत आली. कारणाचा रकाना प्रचलित शब्दांत भरावा, असा शेरा होता. त्यांनी भरला नाही. मात्र पुढच्या जूनपासून आमच्या शाळेत अपूर्णांक पोळ्याच्या आत शिकवायला सुरुवात झाली. तांड्यातली पोरं दहावीपर्यंत टिकू लागली. माझ्या मागून शिकलेली एक पोरगी आज नर्स आहे. विचारणाऱ्यांनी तिला जाऊन विचारावं, काय निघालं ते.

संशोधन हा शब्द मला मोठा वाटायचा, परदेशातल्या लोकांचा. मॅडमकडं पाहून कळलं, की लेकराला नावं ठेवण्याआधी थांबून खरं कारण शोधणं, आणि सापडलं की कुणी कितीही सांगो, ते न बदलणं, हेच ते. ज्या शाळेत हे होत नाही तिथं शिकवणं म्हणजे नुसता अंदाज. आणि त्या अंदाजाची किंमत माझ्यासारखी पोरं भरतात.

माझी पूजा आता त्याच शाळेत पाचवीला आहे, याडीजवळ राहते. चार दिवसांपूर्वी फोनवर म्हणाली, "मम्मी, या साली अपूर्णांक झालेच न्हाई. मॅडम बिमार होत्या ना. नवे सर म्हणाले, फेब्रुवारीत घेऊ." दोन दिवस नंबर काढायचे आणि ठेवून द्यायचे. काल जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभी राहिले आणि मुख्याध्यापकांना लावलाच.

"सर, पाचवीचे अपूर्णांक संक्रांतीच्या आधी घ्या."

"नियोजन वरून येतं, बाई. आणि तुमी कोण?"

"पूजाची आई. तुमचीच शाळा सातवीत सोडलेली."

"मग तुमाला काय कळतं यातलं?"

तरी मी म्हणाले, "मागच्या सालचा फेब्रुवारीचा हजेरीपट काढा सर. तांड्याची किती लेकरं हजर होती, तेवढंच वाचून दाखवा."

"आता? कपाटात असंल ते."

"काढा. मी फोन धरून हाव."

वर सुट्टी संपल्याची घंटा झाली, बाया जिना चढू लागल्या. पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग कपाटाचं दार करकरलं...